गाडगेबाबा आणि आंधळ्या-पांगळ्यांचे घर

भाविक वाचकहो, पंढरीची वाट ही पायांची वाट आहे. आळंदीहून, देहूहून, पैठणाहून दिंड्या निघतात त्या पायांच्या बळावर. मग ज्याला पायच नाहीत त्याने काय करावे? ज्याला डोळे नाहीत, ज्याची बुद्धी लहान मुलाइतकीच राहिली, ज्याच्या बोटांना ऊन-थंड कळत नाही, त्याने राहावे कुठे आणि त्याला सांभाळावे कोणी?

आपल्या संप्रदायाला हा प्रश्न नवा नाही. पैठणचे कूर्मदास हातापायांवाचून जन्मले आणि पोटाने सरपटत पंढरीला निघाले, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. लऊळपर्यंत ते पोचले, पुढे जाणे होईना, तेव्हा देवच उठून त्यांच्या भेटीला आला. ही कथा लावताना आम्ही कीर्तनकार मंडळी देवाच्या धावण्यावर पुष्कळ वेळ रमतो. पण पैठणापासून लऊळपर्यंतच्या मुक्कामांत त्यांना कोणी तरी भाकरी भरवली असेल, पाणी पाजले असेल, सोलवटलेले अंग धुतले असेल. त्या माणसांची नावे कथेत नाहीत. देव येईपर्यंत कूर्मदास जगले ते मात्र त्यांच्यामुळे.

अशा बिननावाच्या माणसांचे काम ज्यांनी जन्मभर केले, आणि ते कसे करावे याचा धडा घालून दिला, त्या श्रीसंत गाडगेबाबांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे. बाबांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. आज आम्ही ते एकाच अंगाने सांगणार आहोत. ज्याला स्वतःचे स्वतः करता येत नाही, त्याला जिथे ठेवायचे ते घर कसे असावे, हे बाबांच्या जगण्यातून पाहावयाचे आहे.

इ. स. १८७६ च्या २३ फेब्रुवारीस अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई. वडिलांना दारूने ग्रासले आणि त्यातच ते गेले. डेबूजी तेव्हा आठेक वर्षांचे पोर. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. दुसऱ्याच्या आसऱ्याला राहणे म्हणजे काय, हे त्या वयात कळते ते जन्मभर विसरत नाही.

दापुऱ्यास डेबूजी गुरे राखू लागले. गुरे धुणे, गोठा झाडणे, शेण काढणे यांत त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, असे सांगतात. मुके जनावर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. चालण्यात फरक पडला, चारा तोंडात कमी गेला, एका कुशीवरून उठेना, हे राखणाऱ्यानेच नजरेने ओळखायचे असते. माणसाची गुराशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. सांगायचे ते नजरेविषयी. जो बोलू शकत नाही त्याचे दुखणे विचारून कळत नाही, पाहून कळते. आणि ही पाहण्याची सवय झाडलोट करणाऱ्या हाताला आपोआप लागते. व्यासपीठावर बसणाऱ्याला ती लागत नाही, हे आम्ही आमच्याच लोकांना उद्देशून बोलतो आहोत, बरं का!

१८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू आणि मटण न करता त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण डेबूजी हटले नाहीत. मामांची जमीन सावकाराने गिळलेली त्यांनी पाहिली होती. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता येत नाही म्हणून त्याचे सर्वस्व जाते, ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली. पुढे हिशेबाच्या बाबतीत बाबा इतके कडक का झाले, त्याचे मूळ आम्हाला इथेच दिसते.

१९०५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात मातीचे गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, आणि खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडायचे, संध्याकाळी कीर्तन करायचे, भाकरी मागून खायची आणि पुढच्या गावाला निघायचे. लोकांनी त्यांना वेडा म्हटले, भिकारी म्हटले, कोठे हाकललेही. हे बारा वर्षे चालले. या बारा वर्षांत बाबांनी देवळाच्या पायऱ्यांवर, नदीच्या घाटांवर, यात्रांच्या कडेला पडलेली माणसे फार जवळून पाहिली, कारण ते स्वतः त्यांच्यातच झोपत होते.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. काठावर चिखल असे, स्नानाला उतरणारे घसरत. बाबांनी तेथे घाट बांधण्याचे मनावर घेतले, स्वतः दगड-माती वाहिली आणि लोकांकडून काम उभे करविले. चांगल्या पायाच्या माणसाला चिखल म्हणजे नुसती अडचण. म्हाताऱ्याला, आंधळ्याला, लंगड्याला तोच चिखल जीवघेणा. घाटाची एकेक पायरी त्यांच्या जिवाची राखण होती. आजकालच्या भाषेत याला सुरक्षितता म्हणतात. बाबांनी तो शब्द वापरला नाही, दगड वाहिले.

त्याच यात्रेत आंधळे, पांगळे आणि महारोगी यांची पंगत बाबा बसवीत. महारोगी हा शब्द आता कोणी वापरू नये, कुष्ठरुग्ण म्हणावे, हे आम्हाला ठाऊक आहे; पण त्या काळी तोच शब्द होता आणि त्यात किती तिटकारा होता हेही ध्यानात यावे. १८९८ च्या कायद्याने अशा रोग्यांना धरून निराळे कोंडता येत असे, आणि तो कायदा पुस्तकातून पूर्णपणे निघाला २०१६ साली! त्या काळी बाबा त्यांना जवळ घेत, आंघोळ घालीत, नवा कपडा देत आणि मग जेवायला वाढीत.

वाचकहो, हा क्रम लक्षात घ्यावा. आधी आंघोळ, मग वस्त्र, मग अन्न. आपण दाते मंडळी नेमके उलटे करतो. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला एखाद्या आश्रमात जेवण घालतो, फोटो काढतो, पुण्य बांधून घरी येतो. ज्याच्या पुढे ताट ठेवले त्याचे अंग किती दिवसांत धुतले गेले नाही, हे पाहत नाही. कुष्ठरोगात हातापायांची जाणीव जाते. पायात काच शिरली तरी कळत नाही, कढत भांडे धरले तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झडतात. म्हणून जो त्याचे पाय रोज धुतो, तोच जखम पहिल्या दिवशी पाहतो. आंघोळ हीच तपासणी होती. आज या रोगावर हमखास औषध आहे, १९८० नंतरच्या दशकात बहुऔषध उपचार सुरू झाले. पण आधीच बधिर झालेल्या पायाला रोजची नजर अजून लागतेच.

बारा वर्षांच्या भ्रमंतीनंतर बाबांनी इमारती उभ्या करायला घेतल्या. १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. ज्यांना गावात कोणी उंबऱ्याआत घेत नसे त्यांना वारीत डोक्यावर छप्पर मिळावे, हा हेतू. पुढे १९३२ साली नाशकास सदावर्त सुरू झाले; गोदेच्या काठी बसणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांना तेथे अन्न मिळू लागले. देहू, आळंदी, मूर्तिजापूर येथेही धर्मशाळा झाल्या. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाशेजारी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. रोगी आत खाटेवर आणि त्याची बायको बाहेर फुटपाथवर, हे बाबांना पाहवले नाही. सांभाळणाराच आडवा पडला तर रोग्याला कोण सांभाळणार? म्हणून सांभाळणाऱ्यालाही सांभाळावे लागते. हे बाबांनी ओळखले होते.

एवढे सगळे बांधून बाबा स्वतः त्यांत राहिले नाहीत. बायकोमुलांना या इमारतींवर कसलाही हक्क दिला नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही, ही गोष्ट आम्हा कीर्तनकारांच्या तोंडी नेहमी असते. तिच्यात वैराग्य आहे हे खरेच. आम्हाला तिच्यात आणखी काही दिसते. आपल्या मुलासाठी काही राखून ठेवायचे राहिले नाही, तेव्हा समाजाचा पैसा त्यांनी समाजाच्याच लेकरांना दिला.

१९५२ च्या फेब्रुवारीत गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि सर्व मिळकत विश्वस्तांच्या हाती गेली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबांनी आधीच डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली होती. माझे म्हणून काही नाही, हे त्यांनी कागदावर आणून दाखवले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा आणि अंध, पंगू व रोगी यांना औषधपाणी, ही कामे त्यांनी धर्माची म्हणून सांगितली. त्यातल्या शेवटच्या कामावर आपण सहसा थांबत नाही, कारण ते एका जेवणाने संपत नाही. औषध रोज द्यावे लागते.

१९५६ च्या २० डिसेंबरला अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे. तेथील विद्यापीठाला आता त्यांचे नाव आहे.

असो. चरित्र येथे संपते, काम संपत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली, अमरावतीत तपोवन १९४६ साली आणि वरोऱ्यास आनंदवन १९४९ साली उभे राहिले. बाबांच्या जिल्ह्यातच, अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर आणि बौद्धिक दिव्यांग मुलांचे घर चालवले आहे. शंभराहून अधिक मुलांना त्यांनी बाप म्हणून आपले नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे एक सांगणे फार मोलाचे आहे. कायद्याने बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की बाहेर पडते. धडधाकट मुलगा बाहेर पडून चार पैसे मिळवील. जो बोलू शकत नाही, ज्याला आपले गाव सांगता येत नाही, ज्याला कोणीही फसवील, तो अठराव्या वाढदिवसाला जाईल कुठे? असल्या लेकरांना जन्मभर आसरा मिळावा, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत.

आम्ही हे लिहितो आहोत ते कासूस बसून. पेण आणि नागोठण्याच्या मधले हे छोटे स्टेशन, एका बाजूला मुंबई-गोवा रस्ता, दुसरीकडे खारेपाटातली भातशेती. इकडच्या गावांतून सप्ताहाला गेलो की कीर्तन आटोपल्यावर काही आईबाप मागे थांबतात. मुलगा चाळीशीचा झाला, अजून हाताने जेवत नाही. मुलगी तिशीची, तिला फिट येते. आमच्या मागे याचे कोण पाहणार, एवढेच ते विचारतात. मोक्षाचा प्रश्न आम्हाला या माणसांनी कधी विचारला नाही. त्यांना एखाद्या आश्रमाचा पत्ता हवा असतो. आणि पत्ता देताना आमची जीभ अडखळते.

का अडखळते, तेही सांगतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी घराला पहाटे आग लागली. तेथे ठेवलेले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. अठ्ठावीस माणसे जळून मेली. त्यांना तेथे आणून सोडणाऱ्या नातेवाइकांचीही श्रद्धाच होती. आणि दूर कशाला जायचे? आमच्याच रायगड जिल्ह्यात, कळंबोली येथे, बौद्धिक दिव्यांग मुलींच्या एका निवासी संस्थेत चाललेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने गुन्हेगारांना शिक्षा ठोठावल्या. त्या मुलींना बोलता येत नव्हते की त्यांचे ऐकायला कोणी जात नव्हते, याचा विचार प्रत्येक दात्याने करावा. दार बंद असले आणि पाहुणा फक्त पंगतीपुरता आला, की अंधार तिथेच माजतो.

म्हणून बाबांचा खराटा आम्हाला आज आठवतो. तो नुसता रस्ता झाडण्यासाठी नव्हता. झाडणारा माणूस कोपऱ्यात जातो. देणगी देणारा मधल्या दालनातून परत फिरतो. आश्रम पाहायचा तर कोपऱ्यात जाऊन पाहावा.

काय पाहावे, ते आता साध्या शब्दांत सांगतो. संस्थेची नोंदणी आहे का, हे पहिले. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे नोंदणीवाचून अशी संस्था चालवता येत नाही. प्रमाणपत्र मागितले तर चालकाने रागावू नये. बाबांनी हिशेब मागणाऱ्याला कधी अधर्मी म्हटले नाही. मग मोरी आणि संडास पाहावे. ओले आहेत काय, धरायला कठडा आहे काय, रात्री दिवा असतो काय. खाटेला खिळलेल्या माणसाची पाठ पाहावी. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा पडतात आणि त्यांतून माणूस जातो. भरवताना आडवे ठेवून भरवतात की बसवून, हे पाहावे. आडव्या माणसाचा घास श्वासनळीत उतरतो. फिटीच्या गोळ्या कोण देतो, कुठे लिहून ठेवतो, ते विचारावे. मुलींच्या खोलीशी रात्री बाई असते का, ते विचारावे. आणि दार बाहेरून कुलूप लावलेले असेल, तर त्या घरातून तडक पोलिसांकडे आणि समाजकल्याणाच्या कचेरीत जावे. आग विचारून येत नाही, आणि आमच्या कोकणात पाणीही विचारून येत नाही. रात्री बांध फुटून पाणी अंगणात आले तर चालता न येणाऱ्या दहा जणांना उचलणारे हात किती आहेत, हे मोजून ठेवावे लागते.

आईबापांसाठीही एक गोष्ट सांगतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेले आणि एकाहून अधिक अपंगत्व असलेले यांच्यासाठी, मूल अठरा वर्षांचे झाल्यावरही, कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीत असतात तिच्याकडे हा अर्ज करायचा. आपल्याकडे त्यासाठी अलिबागला जावे लागते. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्यविम्याची योजना आहे. ही कामे हातपाय चालतात तोवर करावीत. आपण गेल्यावर भाऊबंद करतील, या भरवशावर राहू नये. डेबूजींच्या मामांची जमीन कागद न समजल्यामुळेच गेली होती.

आपण म्हणाल, बुवा, हे कीर्तन की सरकारी परिपत्रक? महाराज हो, बाबांचे कीर्तन असेच होते. त्यांनी ब्रह्माची चर्चा फार थोडी केली. मुलांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, शिळेपाके भिकाऱ्याला देऊन पुण्य मोजू नका, हेच ते रात्र रात्र सांगत, आणि हजारो माणसे जागची हलत नसत. आम्ही न्याय-व्याकरण शिकलो, चार शास्त्रे घोकली. त्यांत दया हा गुण म्हणून सांगितला आहे. बाबांकडे दया हे काम होते. गुण मनात राहतो. काम पहाटे उठून करावे लागते.

आणखी एक. आश्रमात राहणारा दिव्यांग आपल्या पुण्याचे साधन नव्हे. त्याला आवड-नावड असते. त्याला काय खावे, कोणाशेजारी झोपावे, कोणत्या सणाला बाहेर जावे हे विचारले पाहिजे; बोलता येत नसेल तर त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखले पाहिजे. बाबांनी महारोग्याला पंगतीत बसवले. उरलेले अन्न त्याच्या पुढे टाकले नाही. तो पंगतीतला मान हाच खरा धर्म. तो गेला की सुरक्षितताही जाते, कारण ज्याला आपण माणूस मोजत नाही, त्याच्या दाराला कुलूप लावताना आपला हात थरथरत नाही.

येत्या कार्तिकीला पंढरपुरास जाल तेव्हा जाता-येता वाटेवरच्या अशा एखाद्या घरी तासभर थांबावे. न कळवता जावे. फळे न्यावीत, पण फळे देऊन निघू नये. चालकाची परवानगी घेऊन एक खोली झाडावी. झाडता झाडता खाटेखाली दिसेल, उशीखाली दिसेल, पाठीची जखम दिसेल, आणि हसणारे तोंडही दिसेल. चांगले चाललेले घर असेल तर चालकाला दोन शब्द बरे बोलावेत, कारण तोही थकलेला असतो. वाईट दिसले तर गप्प बसू नये. कूर्मदासांना पाणी पाजणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, तशी आपलीही राहू देत.

रामकृष्णहरि.